‘स्मृतिचित्रे’ आणि उद्याची काळजी

आपल्या मराठी मंडळ्यांतून मृगाच्या सुमारास हमखास ऐकू येणारा एक उपदेश आहे. त्याचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, वचने २५ ते ३४, हा असतो. प्रथम आकाशातील पाखरे येतात, मग रानातील भूकमळे येतात. त्यानंतर चिंता आणि चिता या दोन शब्दांत एका बिंदूचेच काय ते अंतर, ही जुनी कोटी येते. आणि अखेरीस, ज्याला चिंता वाटते त्याचा विश्वास कच्चा, असा निर्णय देऊन उपदेशक खाली बसतो. प्रस्तुत लेखकानेही हा उपदेश एकाहून अधिक वेळा केला आहे. तो शास्त्राला सोडून आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो कोणापुढे केला जातो, आणि तो ऐकून घरी जाणाऱ्या माणसाच्या पदरी काय पडते, याचा विचार आपल्या नियतकालिकांतून क्वचितच झालेला आढळतो. हा विचार येथे एका ग्रंथाच्या आधाराने करावयाचा आहे.

प्रथम ऐकणाऱ्याविषयी. आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर हे ठिकाण आपण नजरेसमोर ठेवू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे आले. बाजारहत्नूर होते तेथेच राहिले, प्रथम आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि गोंडांच्या वस्तीत गोंडी, असा या भागातील भाषाव्यवहार आहे. शेती बहुतांशी पावसावरची, आणि पैशाचे पीक म्हणजे कापूस. मृगाच्या सरी आल्या म्हणून सरकी लावावी, पुढे पंधरा दिवस आभाळाने तोंड फिरवावे, आणि दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी पुन्हा त्याच उधारीच्या दुकानापुढे उभे राहावे, हा अनुभव येथे नवलाचा नाही. बोंडे फुटली म्हणून चिंता फिटते असेही नाही. कापसात ओलीचे प्रमाण १२ टक्क्यांच्या वर निघाले की भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर तो माल घेतला जात नाही, आणि पहिली वेचणी तर नेमकी दवाच्या दिवसांत येते. २०१७ साली पैनगंगेपलीकडे विदर्भात गुलाबी बोंडअळीने हातातोंडाशी आलेली बोंडे आतून पोखरली, तेव्हा अलीकडच्या तीरावरील शेतकऱ्याची झोपही उडाली. २०१८ साली तेलंगण शासनाने सुरू केलेल्या ‘रयतु बंधू’ योजनेतील मदत जमिनीचा पट्टा ज्याच्या नावे त्यालाच मिळाली. मक्त्याने जमीन करणारा तिच्याबाहेर राहिला. म्हणजे आभाळाची अनिश्चितता सर्वांना सारखी असली, तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

अशा माणसाच्या कानी डोंगरावरील प्रवचनातील प्रतिमा कशा पडत असतील? भूकमळ त्याने पाहिलेले नाही. पण ही फुले कष्ट करीत नाहीत आणि सूतही कातीत नाहीत, हे वर्णन ऐकताना, ज्याचे वर्षाचे बारा महिने कापसाभोवती फिरतात तो श्रोता आपोआप कान टवकारतो. आज उभे असलेले आणि उद्या भट्टीत जाणारे गवत म्हटले की त्याला वेचणी संपल्यावर चुलीत जाणारी पऱ्हाटी दिसते. शहरातील सुशिक्षित मंडळीपेक्षा हा श्रोता प्रभूच्या शब्दांच्या कितीतरी जवळ उभा आहे. गालीलातील मूळ श्रोतेही मजुरी करणारे, कर वसूल करणाऱ्यांना भिणारे, ऋणकरीच होते. त्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीपाठोपाठ ऋणाची गोष्ट यावी, हे उगाच नव्हे. पण याच जवळिकीमुळे या श्रोत्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या उपदेशांत येत नाही : पऱ्हाटीच्या नावावर कर्ज नसते.

या प्रश्नाला उत्तर देणारा ग्रंथ आपल्या धर्मशास्त्रीय वाङ्मयात शोधू गेल्यास निराशा होते. ते उत्तर, निदान त्याची दिशा, एका आत्मचरित्रात आढळते, आणि ते आत्मचरित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती वाचक या ग्रंथाकडे धर्मांतराची साक्ष म्हणून पाहतात, तर इतर मराठी वाचक त्यातील विनोदाची आणि निरागस शैलीची वाहवा करतात. दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. परंतु हा ग्रंथ सलग वाचला असता तो आरंभापासून एकाच गोष्टीची कहाणी सांगतो असे दिसून येते. उद्या काय होईल हे ठाऊक नसलेल्या एका स्त्रीने तो ‘उद्या’ कसा काढला, ती ही कहाणी होय. त्या दृष्टीने त्याचे परीक्षण झालेले प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

ग्रंथाची सुरुवातच एका चिंताग्रस्त घरापासून होते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले, आणि त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला वेडाचे रूप आले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात येत नसे; मीठ आणि गूळ यांचीही त्यातून सुटका नव्हती. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. पण मीठ धुणारा माणूस हा खरोखर विनोदाचा विषय आहे काय? ज्याच्या घरातील कर्ते माणूस एके दिवशी फासावर गेले, त्याला जगातील कोणतीच वस्तू निर्धोक वाटेनाशी झाली; ज्या गोष्टी आपल्या हाती नाहीत त्यांचे भय त्याने हाती असलेल्या वस्तू धुऊन काढण्याचा यत्न केला. लक्ष्मीबाई या वागण्याला ‘चिंता’ असे नाव देत नाहीत, आणि कोणी दिले असते तर वडिलांनी ते मान्यही केले नसते. ते त्याला धर्म म्हणत होते. चिंता पुष्कळदा आपले नाव सांगत नाही. ती कर्मठपणाचा, रागाचा, कधी अतिरिक्त धार्मिकतेचा वेष घेऊन येते, ही गोष्ट मंडळीतील माणसे ओळखू पाहणाऱ्या पाळकाने या प्रकरणावरून शिकण्यासारखी आहे. दुसरी गोष्ट अशी की, भय एकाचे आणि राबणूक साऱ्या घराची, विशेषतः घरातील बायकांची, असा प्रकार तेथे होता.

अकराव्या वर्षी त्या घरातून ही मुलगी टिळकांच्या घरात आली. हे दुसरे टोक. वडिलांना सर्वच गोष्टींची चिंता, तर पतीला कशाचीच नाही. नारायण वामन टिळक मनात आले की घर सोडून निघून जात. कोठे, किती दिवस, हे मागे राहिलेल्या पत्नीला ठाऊक नसे. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे, आणि समोर दिसलेल्या गरजवंताला ते रिकाम्या हाताने परत पाठवू शकत नसत. मराठी साहित्य त्यांना ‘फुलामुलांचा कवी’ म्हणून ओळखते. रानातील फुलांकडे पाहून उद्याची चिंता सोडावी ही आज्ञा जर कोणा मराठी ख्रिस्ती माणसाने अक्षरशः पाळली असेल तर ती टिळकांनी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या उपदेशांतून त्यांचे उदाहरण याच कारणाने दिले जाते.

पण ‘स्मृतिचित्रे’ ही या उदाहरणाची दुसरी बाजू आहे. फुलांकडे पाहणाऱ्या कवीच्या घरात पिठाच्या डब्याकडे कोणी पाहत होते. टिळकांच्या निश्चिंतपणाला लक्ष्मीबाईंच्या काळजीचा टेकू होता, आणि ग्रंथातील अर्धाअधिक विनोद या दोहोंच्या झटापटीतून जन्म घेतो. ज्या घरात एकाने उद्याची काळजी पूर्णपणे सोडली, त्या घरात दुसऱ्याला ती दुपटीने करावी लागली. बेथानी येथील मार्थेला प्रभूने प्रेमाने टोकले, हे खरे. परंतु त्या दिवशीचे जेवण कोणी रांधले याविषयी शुभवर्तमानकार काही सांगत नाही, आणि आपणही ते विचारीत नाही. आपल्या कित्येक पाळकांच्या घरी ही गोष्ट नव्याने समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

येथे टिळकांवर अन्याय होता कामा नये. त्यांचा निश्चिंतपणा आळशाचा किंवा स्वार्थ्याचा नव्हता. स्वतःविषयी ते जितके बेफिकीर तितकेच परक्या अनाथाविषयी बेचैन असत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडून बसले तेही याच वृत्तीने. तरीही ग्रंथाचा कौल स्पष्ट आहे. त्यांच्या विश्वासाची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर थांबले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. या दोन आकड्यांत त्या संसाराचे जे चित्र उमटले आहे, ते कोणत्याही टीकाकाराला याहून नेमके काढता येणार नाही.

ग्रंथाचा गाभा मात्र १८९५ ते १९०० ही वर्षे आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने त्या दिवशी पती जिवंत असून हरपला. त्या विधवा नव्हत्या आणि सवाष्णही नव्हत्या. पदरी लहानगा दत्तू, पुढे काय याचा पत्ता नाही. अनिश्चितता म्हणजे काय, हे यापेक्षा उघडे करून दाखविणारी पाने मराठीत थोडी असतील. त्या काळात देशावर दुष्काळ आणि प्लेगही होताच, परंतु लक्ष्मीबाईंचा दुष्काळ घरातला होता.

या पानांवर विचार करताना एक गोष्ट डोळ्यांत भरते, आणि प्रस्तुत लेखाचे सारे म्हणणे तिच्यावर उभे आहे. त्या दिवसांत त्यांना कोणाच्या उपदेशाने आधार मिळाला, अशी पाने शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. आधार दिला तो थोरली बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे यांच्या घराने. ‘त्या’ टिळकाची बायको आपल्या घरी ठेवणे म्हणजे लोकापवाद ओढवून घेणे; तो पेंडशांनी घेतला. तिला जेवू घातले, तिच्या मुलाला आपल्या मुलांत वाढविले, तिला एकटी पडू दिले नाही. ती माणसे ख्रिस्ती नव्हती. ज्या वर्षांना आपण एका ख्रिस्ती स्त्रीच्या विश्वासाची पूर्वतयारी म्हणतो, ती वर्षे तिने परधर्मीय बहिणीच्या चुलीपाशी काढली, याचा उल्लेख आपल्या व्याख्यानांतून गाळला जातो. तसा तो गाळणे बरे नव्हे. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तेव्हा टिळकांनीही त्यांच्यावर घाई केली नाही. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचे सोवळे तिच्यापाशी. ज्या दिवशी जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर स्वतःच दिले, त्या दिवशी वडिलांच्या घरापासून अंगात मुरलेले विटाळाचे भय गळून पडले. भिऊ नकोस, असे बजावल्याने ते गेले नव्हते. भीती जावयास जेवढा अवकाश लागतो तेवढा त्यांना मिळाला होता. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता भाषेचा मुद्दा. आपल्या मराठीत ‘काळजी’ हा एक विलक्षण शब्द आहे. काळजी ‘करणे’ म्हणजे आपल्याच मनात जळत राहणे. काळजी ‘घेणे’ किंवा ‘वाहणे’ म्हणजे दुसऱ्याला सांभाळणे. एकच नाम, परंतु क्रियापद बदलले की दिशा बदलते. मूळ ग्रीकमध्येही जवळजवळ हाच प्रकार आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने जे करू नका म्हटले ते क्रियापद ‘मेरिम्नाओ’; आणि पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना (२:२०) तीमथ्याची जी वाखाणणी केली, तीही त्याच क्रियापदाने. मंडळीविषयी खऱ्या मनाने असे करणारा दुसरा कोणी आपल्यापाशी नाही, असे तो सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:२५) शरीराच्या अवयवांनी एकमेकांविषयी जे करावे, तेही हेच. सर्व मंडळ्यांची म्हणून जी चिंता पौल स्वतःवर रोज वाहत होता (२ करिंथ ११:२८), तिचे नामही याच धातूचे. म्हणजे जी गोष्ट एके ठिकाणी वर्ज्य आहे तीच दुसरीकडे मंडळीचे कर्तव्य ठरते. हा विरोध नव्हे. स्वतःपुरती कोंडलेली काळजी माणसाला खाते, आणि तीच वाटली गेली की तिचे सेवेत रूपांतर होते, असा या सर्व वचनांचा एकत्रित अर्थ दिसतो. पेत्राने (१ पेत्र ५:७) आपला भार देवावर टाकण्यास सांगितले आहे, आणि तेही वडील आणि तरुण यांनी मंडळीत एकमेकांशी कसे वागावे हे सांगत असतानाच. ते वचन त्या संदर्भातून उचलून एकट्या माणसाच्या गळ्यात बांधणे हा आपला उद्योग आहे. तेव्हा ‘काळजी करू नका’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार, काळजी घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच पोचतो. प्रभूला तो होता. आपल्याला दर रविवारी तो असतोच असे नाही.

‘स्मृतिचित्रां’ची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण स्तुतिपाठ होईल. हा ग्रंथ उतारवयात, वादळ शमून गेल्यावर लिहिला गेला. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चिंतेकडे पाहून हसता येते, कारण तिचा शेवट ठाऊक असतो. ज्याची चिंता आज चालू आहे त्याला हे हसू उसने देता येत नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या विनोदाचा हवाला देऊन चिंतातुराला हसण्याचा सल्ला देणे हे निर्दयपणाचे होईल. शिवाय, कितीही हालअपेष्टा झाल्या तरी लक्ष्मीबाईंना जाण्यासाठी बहिणीचे घर होते, पाठीशी शिकलेले आप्त होते. असे घर सर्वांना असत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आजही त्या दिवसाचे नाव निघाले की माणसे गप्प होतात. त्या घराच्या वाट्याला हसून मागे वळून पाहणारे उतारवय आले नाही. अशा घरापुढे विश्वासाच्या कमतरतेची भाषा बोलणाऱ्याने आपली जीभ आवरावी, एवढेच म्हणता येईल.

तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. त्या पुलावरील एक गोष्ट आपण फारशी वापरलेली नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे घर बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आणि तीच परंपरा हेही सांगते की, त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा बुडविला. या कथेकडे वैराग्याची कथा म्हणून पाहिले जाते. परंतु त्या दिवशी चिंता मिटली ती प्रथम कोणाची? ऋणकऱ्यांची. आणि आपल्या निश्चिंतपणाची किंमत तुकोबांनी भावाला द्यावयास लावली नाही. टिळकांना जे सर्वस्वी साधले नाही ते या दोन वाट्यांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. टिळकांच्या चाहत्यांनी ते मानावेच असा आग्रह नाही.

तेव्हा बाजारहत्नूरच्या बाजूस जाणाऱ्या उपदेशकाने काय करावे? एलीयाचे प्रकरण (१ राजे १९) त्याने मत्तयाच्या आधी वाचावे. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या संदेष्ट्याला देवदूताने चिंता न करण्याविषयी काही सांगितले नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर आले. क्रम लक्षात घ्यावा. बियाण्याच्या उधारीचा कागद वाचून दाखविणे, तेलुगू कचेरीत मराठी माणसाबरोबर जाऊन बसणे, कापूस वाळवून ओल उतरेपर्यंत विकण्याची घाई करावी लागू नये म्हणून चार घरांनी मिळून एखाद्या घराचा आठवडा निभावून नेणे, या गोष्टींना आपण ‘सामाजिक कार्य’ म्हणून उपासनेच्या बाहेर ठेवतो. १ करिंथ १२ वाचणाऱ्याला तसे ठेवता येणार नाही. आणि जेथे झोप, अन्न, बोलणे सारेच तुटले आहे, माणूस निरवानिरवीची भाषा बोलू लागला आहे, तेथे त्याला एकटे न सोडता वैद्याकडे नेणे हेही पाळकाचेच काम आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक मंदिराच्या दारावर लिहून ठेवल्याने वेदीचा मान कमी होत नाही.

उपदेशकांच्या पावसाळी वर्गात या वर्षी ‘स्मृतिचित्रां’तील दोन प्रकरणे मोठ्याने वाचावीत, अशी सूचना आहे : वडिलांच्या सोवळ्याचे, आणि भिकुताईंच्या घरातल्या दिवसांचे. वाचून झाल्यावर लगेच बोध काढू नये. वर्गातील प्रत्येकाने आपल्या मंडळीतील कोणत्या घरी पेरणीचे पैसे अजून उभे राहिलेले नाहीत ते सांगावे, आणि त्यानंतर मत्तयाचा सहावा अध्याय उघडावा.